घडी मोडायच्या आत

हरभट रोडवरच्या एका दुकानातून आईनं रात्री आठला वांगी रंगाची साडी घेतली. सकाळी अंगणात उलगडली तर चक्क चॉकलेटी निघाली. साडीत खोट काहीच नव्हती. दुकानातल्या झगझगीत दिव्यांनी आम्हाला बनवलं होतं.

बिल शोधलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत : बदलून मिळण्याची वेळ दुपारी १ ते ४. रविवारी नाही. सेलमधला माल नाही. फॉल-पिको झालेली साडी नाही. रोख परत मिळणार नाही. आता १ ते ४ म्हणजे नोकरदार माणूस ऑफिसात आणि उरलेली सांगली वामकुक्षीत. ही वेळ ज्यानं ठरवली, त्याला माणसं चांगली कळतात.

मी अर्धी रजा टाकली. गल्ल्यावरच्या काकांनी पिशवीत डोकावून एकच विचारलं, "घडी मोडली नाही न्हवं?"

घडी मोडणं म्हणजे नुसतं उलगडणं नव्हे, अंगाला लावणं. आपली कोरी साडी बहिणीला घडी मोडायला देतात, त्यात माया असते. तीच मोडलेली घडी दुकानदारापुढं ठेवली तर त्याचा चेहरा बघवत नाही. आणि खरं सांगायचं तर तो चुकत नाही. रंग मनातून उतरला म्हणून साडी परत घ्यायला कुठला कायदा त्याला बांधत नाही. तो त्याचा रिवाज, फार तर भलेपणा.

खोट वस्तूतच असली की गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या मिक्सरचं भांडं दुसऱ्याच दिवशी बुडातून गळायला लागलं. दुकानदारानं तोंडानं उत्तर दिलंच नाही, पाटीकडं बोट केलं : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मीही गुपचूप घरी आले. नंतर कळलं, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं असल्या नकाराला 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटलंय. सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत घ्यायचा, मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. मग दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेले आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा आकडा नुसता उच्चारला. "बसा की ताई, चहा घ्या," म्हणाले. भांडं बदलून मिळालं. पाटी अजून तिथंच आहे.

साडीच्या दुकानात भांडायचं कारणच नव्हतं. बदलून घ्या म्हणाले. नवी साडी महाग निघाली तर वरचे पैसे आपण द्यायचे. स्वस्त निघाली तर उरलेल्या पैशांचे रुमाल घ्यायचे. आमच्या घरात रुमाल कधी कमी पडत नाहीत, ते यामुळंच.

आईनं एक हिरवी काढली. पदर हातात धरला आणि काही न बोलता पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर, उन्हात गेली. "अवो काकू, काकू!" करत दुकानातला पोरगा दुसरं टोक सावरत तिच्या मागं पळाला.