"चालेल" म्हणणारी पोरं आणि ऑप्शन फॉर्म

आधीच सांगते, मी काही करिअर काउन्सेलर वगैरे नाही. सांगलीत विश्रामबागेत एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात वीसेक वर्षं कारकुनी करतेय, त्यामुळं फॉर्म, दाखले, शेवटच्या तारखा ह्यांची भीती मेलीय एवढंच. लेकाच्या ॲडमिशनला जी काय धावपळ झाली ती मी गल्लीभर सांगत सुटले आणि तेव्हापासून जून उजाडला की कोण ना कोण फाईल काखेत मारून दारात उभं असतं, "ताई, जरा बघता का". चहा होतो, फाईल उघडते, आणि फाईलमध्ये निम्मे कागद नसतात.

तर कागदांपासूनच सुरू करते, कारण अभ्यास पोरं करतात हो, कागदात आपण आयबाप मार खातो. माझ्या लेकाच्या वेळी नॉन क्रिमीलेयर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उत्पन्नाच्या मर्यादेचा दाखला, आहे आहे म्हणून मी निवांत. फाईलला लावलेलं, प्लॅस्टिकच्या कव्हरात. फॉर्म भरताना नीट वाचलं तर ते नुकत्याच सरलेल्या ३१ मार्चपर्यंतचं! ॲडमिशनला लागतं ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं. मी दुसऱ्यांचे रिटर्न भरणारी बाई, आणि माझ्याच घरात तारीख बघितली नाही. मग सेतूत पळापळ, उत्पन्नाचे कागद, अर्ज केल्याच्या पावतीवर कसंबसं सुरुवातीचं निभावलं, पण दाखला हातात पडेपर्यंत झोप नाही. दाखला वेळेत नाही आला की पोरगं सरळ ओपनमध्ये, मग सीट पण बदलते आणि फी पण. कास्ट व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणीचं, तर बोलूच नका, ती अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकायची, बारावीचा निकाल लागल्यावर नाही. आणि नावं बघा. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, वडिलांच्या नावात कुठं एक "ए" जास्त, ह्याच्यात माणसं आठ आठ दिवस घालवतात.

अजून एक, बारीक आहे पण सांगते. कॅफेत फॉर्म भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल आपला स्वतःचा द्यायचा. कॅफेवाला घाईत आपला देऊन मोकळा होतो, मग ॲडमिशनच्या राऊंडच्या दिवशी, म्हणजे फेरीत कॉलेज जाहीर होतं त्या दिवशी, ओटीपी त्याच्या फोनवर आणि तो जेवायला गेलेला. शेजारच्या एका पोरीच्या बाबतीत हे झालंय, तिचे वडील दुपारी दोन वाजता शटर वाजवत उभे होते.

माझी मावसबहीण गावभागात राहते. २०१९ च्या पुरात तिच्या लेकीची सगळी फाईल कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, पाणी उतरल्यावर काढली तर लगदा. आता तिच्या घरी कागदपत्रं माळ्यावर असतात आणि प्रत्येकाचा फोटो फोनमध्ये. आपल्याकडं राहायचं तर एवढं पाहिजेच.

बरं, आता भाच्याचं सांगते, कारण लिहायला बसले ती त्याच्यासाठीच.

दादाची तासगावजवळ द्राक्षबाग, थोडा बेदाणा पण करतो. भाचा बारावीला, आणि बारावीची परीक्षा, सीईटी म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, हे सगळं नेमकं बेदाण्याच्या हंगामात येतं. फेब्रुवारी ते एप्रिल. शेडवर माणसं मिळत नाहीत, डिपिंगचं पाणी तयार करायचं, क्रेट बुडवायचे, जाळ्यांवर माल पसरायचा, त्यात आभाळ आलं की सगळ्यांचा जीव टांगणीला. मार्चमध्ये मी गेले तर पोरगं शेडच्या कडेला खाट टाकून पीसीएमचा, म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री गणिताचा, गठ्ठा घेऊन बसलेलं, बोटं चिकट, पानांना डिपिंग ऑइलचा वास. दादाला म्हटलं अरे दोन महिने तरी सोड त्याला. दादा म्हणाला, "सोडलाय की, बसलाय न्हवं."

शेवटी एप्रिलमध्ये त्याला पंधरा दिवस माझ्याकडं आणलं. आणि तेव्हा कळलं की पोरानं सीईटीची सगळी तयारी फोनवर केलेली. माऊसची सवयच नाही! सीईटी कॉम्प्युटरवर असते, उत्तर निवडून "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबायचं असतं, हा नुसतं उत्तर निवडून पुढं. लेकाचा जुना लॅपटॉप काढला, चार्जर हलवून हलवून चालू केला आणि रोज एक मॉक टेस्ट. फिजिक्स केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटं, मग गणिताला ९० मिनिटं, आणि पहिल्यातला वाचलेला वेळ दुसऱ्याला मिळत नाही, हे त्याला तिसऱ्या दिवशी पटलं. गणिताचा प्रश्न २ मार्कांचा, बाकीचे १ चे, म्हणजे २०० पैकी १०० नुसते गणिताचे. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी पोरगं प्रश्न सोडून यायचं. का रे? तर "क्लासमध्ये सवय लागलीय". क्लासमध्ये नीट आणि जेईईवाले पण एकत्र, तिथं चुकलं की एक मार्क कापतात, म्हणून सर ओरडून ओरडून सांगणार येत नाही ते सोडा. बरोबरच आहे त्यांच्यासाठी. पण सीईटीत शेवटच्या दोन मिनिटांत काहीतरी ठोकून द्यायचंच असतं. ही सवय मोडायला आमचे चार दिवस गेले. एका पोरानं दोन परीक्षा द्यायच्या असतील तर घरच्यांनी एवढा फरक तरी डोक्यात ठेवावा असं मला वाटतं, कारण पोरं दमलेली असतात, त्यांच्या लक्षात राहत नाही.

निकाल आला ९१ आणि काहीतरी पॉईंट. दादानं गावभर सांगितलं पोराला ९१ टक्के पडले. मी म्हटलं दादा ते पर्सेंटाईल आहे, म्हणजे शंभरातली एक्याण्णव पोरं ह्याच्या मागं आहेत, मार्क वेगळे. "म्हंजे कमी हायत का?" कमी नाहीत रे. "मग वालचंदला लागंल." आमच्याकडं हे असं आहे बघा, इंजिनिअरिंग म्हटलं की वालचंद. १९४७ पासून सांगलीत उभं आहे, प्रत्येक घरात एक तरी माणूस "मार्क असते तर वालचंदलाच" म्हणणारा सापडतो, माझे सासरे पण त्यातलेच. दादा म्हणायचा वालचंद, आणि वालचंदमध्ये पण कॉम्प्युटर. ९१ ला ते होणं अवघड होतं, पण त्याला कोण सांगणार.

जुलैत ऑप्शन फॉर्म, म्हणजे कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच ह्याची पसंतीच्या क्रमानं यादी, भरायला दोघं माझ्याकडं आले. बाहेर पाऊस धो धो, लाईट जातेय येतेय. टेबलावर वही, मागच्या वर्षीचे कटऑफ, भडंगाची प्लेट. मी विचारायला लागले.

कॉम्प्युटर टाकू? चालेल.
मेकॅनिकल? चालेल.
सिव्हिल? चालेल की.
पुणे? चालेल.
कोल्हापूर? चालेल आत्या.

अर्धा तास हे असं. मला कळेना हा पोरगा बोलतोय की टेपरेकॉर्डर. आणि मग मला माझाच लेक आठवला, तो पण असाच "चालेल" म्हणत म्हणत एका ब्रँचला गेला आणि दुसऱ्या वर्षी म्हणाला, "मला हे कधीच नको होतं." मग तेव्हा का नाही बोललास? "तू विचारलंसच नाही, नको काय आहे ते." त्या वेळी राग आला होता. आता येत नाही.

म्हणून वही उलटी केली आणि भाच्याला म्हटलं, हे बघ, आता शेवटून भरायचं. ह्यातलं कुठलं लागलं तर तू जाणार नाहीस? रडशील, पण जाणार नाहीस असं कुठलं? गप्प. दादा म्हणाला, "असं कुठं इचारत्यात व्हय." मी म्हटलं तू जरा पाऊस बघून ये. तो बाहेर गेला, आणि पोरानं वहीवर बोट ठेवलं. हे नको. हे पण नको. मेकॅनिकल नको, ड्रॉईंग जमत नाही. आयटी नको. कॉम्प्युटर... थांबला, दाराकडं बघितलं, "ते पप्पांना पाहिजे." दहा मिनिटांत वहीची निम्मी पानं खोडून झाली. सव्वा वर्षात ह्या पोराला मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

उरलं काय तर इलेक्ट्रिकल, आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स. मी म्हटलं अरे हे का? तर म्हणाला, "काय न्हाय, तसंच." आणि मला एप्रिलमधली एक रात्र आठवली. त्याला आणायला म्हणून मी तासगावला मुक्कामाला होते, शेतीची लाईट रात्री बारानंतर यायची, मोटर चालू होईना. हा उठला, बॅटरी तोंडात धरून स्टार्टरचं झाकण काढलं, कुठली तरी पट्टी काळी पडलेली ती पॉलिश पेपरनं घासली, बटण दाबलं, मोटर चालू. दादा कूस बदलून झोपला. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, त्याला स्वतःला पण नाही. त्याच्या लेखी ते काम होतं, शेण काढतात तसं. आवड म्हटलं की पोरांना वाटतं काहीतरी मोठं, भाषणात सांगण्यासारखं असतं.

(कृषीचं विचारलंच मी. बी.एस्सी. ॲग्री चार वर्षांचं, सातबारा लावला की शेतकऱ्याच्या पोरांना अधिभार, म्हणजे जादा मार्क, मिळतो, राहुरी विद्यापीठाचं कॉलेज कोल्हापुरात आहे. दादानं दारातूनच हात हलवला. "आमी केली तेवढी बास." ह्यावर मी काही बोलले नाही, मागच्या दोन वर्षांत अवकाळीनं त्याचं काय झालं ते मला माहीत आहे.)

मग क्रम लावायला बसलो आणि इथं मी चुकले. नियम साधा आहे, जे जास्त पाहिजे ते वर, कटऑफ बघून घाबरायचं नाही, वर टाकल्यानं खालचं जात नाही. आणि दुसरा नियम, जे नको ते टाकायचंच नाही. हे मला पाठ आहे, दहा जणांना मी सांगितलंय. पण दादा समोर बसला, त्याचा चेहरा बघवेना, आणि मी पहिल्याला वालचंदचं कॉम्प्युटर, दुसऱ्या तिसऱ्याला पुण्यातल्या दोन कॉलेजांचं कॉम्प्युटर टाकलं, म्हटलं लागणार नाहीच, ह्याच्या मनासारखं होऊ दे. चौथ्याला इलेक्ट्रिकल, कऱ्हाडच्या बाजूचं एक कॉलेज. भाचा म्हणाला, "चालेल."

मधे गल्लीतलं दुसरं चालूच होतं. एका पोरीला नीट रिपीट करायचं का नाही ह्यावर तिच्या घरात आठ दिवस अबोला. नीटचं गणित क्रूर असतं, ७२० पैकी पन्नास मार्क इकडं तिकडं झाले की एमबीबीएस सोडून बीएएमएस, फिजिओथेरपी असं खाली खाली यावं लागतं, आणि ते खालचं म्हणून बघायची आपल्याला वाईट खोड. मी तिला एकच विचारलं, मागच्या वर्षी कुठले धडे कच्चे राहिले ते लिहून दे. तिनं फिजिक्सचे सहा लिहिले, लगेच, न अडखळता. म्हटलं मग कर रिपीट. ज्याला यादी देता येत नाही त्यानं करू नये, हे माझं मत, पटलं तर घ्या. आणि समोरच्या बंगल्यात भाड्यानं राहतात त्यांचा मुलगा, दहावीला अडुसष्ट टक्के, सगळ्यांनी तोंडं पाडलेली, त्याला मिरजेच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचं सांगितलं. डिप्लोमा तीन वर्षं, पुढं वाटलं तर डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर, सीईटीची भानगड नाही. त्याच्या आईनं विचारलं, "पण लोक काय म्हणतील बारावी नाही केली तर?" लोकांची फी आपण भरत नाही ना, एवढंच म्हटलं. मुलगी असली तर अजून एक बघा, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांमधून, ॲडमिशन घेतली तर. मॅनेजमेंट कोट्यात घाईनं पैसे भरून बसलेल्या एका बाईंना हे नंतर कळलं.

तर राऊंडचा दिवस. ऑफिसात होते, भाच्याचा फोन. चौथा ऑप्शन लागला. इलेक्ट्रिकल. मागून दादाचा आवाज येतोय, "बेटरमेंट, बेटरमेंट म्हण तिला." दादाला हा शब्द कुणीतरी शिकवला होता. बेटरमेंट घेतलं की पुढच्या राऊंडला वरचं काहीतरी लागू शकतं, आणि लागलं की हातातली सीट आपोआप जाते, विचारत नाहीत. वरती काय होतं तर पुण्याचं कॉम्प्युटर. माझ्या हातानं टाकलेलं. पुढच्या राऊंडला कटऑफ थोडा खाली आला असता तर लागलं पण असतं.

मी म्हटलं फोन दादाला नको देऊ, तू सांग. फ्रीज करायचं, म्हणजे हीच सीट कायम करायची, का बेटरमेंट?

"फ्रीज." लगेच.

अरे पण पप्पा म्हणतायत...

"नको आत्या. बेटरमेंट नको."

मी परत विचारलं नाही. हजार रुपये भरून सीट पक्की केली, आणि दादाला संध्याकाळी फोन लावला तर उचलला नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा आला, हॉस्टेलला ट्रंक न्यायची का सुटकेस म्हणून, आणि मागून दादा विचारत होता ते डोमिसाईलचं ओरिजिनल तुझ्याकडंच राहिलंय का बघ.