रिकामा ऑब्जेक्ट बनवून सेटरने भरला, तर बिघडलं कुठे?

टीममध्ये नव्याने आलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. कॉलेजात सगळ्यांनी तेच केलेलं असतं: न्यू म्हणायचं, रिकामं खातं बनवायचं, मग सेटर (एकेक फील्ड भरणाऱ्या मेथड) लावून खाते क्रमांक, नाव, शिल्लक भरत बसायचं. प्रोग्राम चालतो, मार्कही मिळतात. मग हा माणूस, म्हणजे मी, कोड रिव्ह्यूमध्ये का अडवतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. न्यू आणि शेवटचा सेटर यांच्या मधल्या ओळींत जे असतं, ते खातं नसतंच. एकाच फाइलमध्ये सगळं असेल तर खपून जातं. तेच खातं चार ठिकाणी बनायला लागलं की कुणीतरी नाव भरायचं विसरतं, आणि नल पॉइंटर एक्सेप्शन (न भरलेलं फील्ड वापरल्याची चूक) येतं ते भलत्याच क्लासमध्ये, स्टेटमेंट छापताना. स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणाऱ्या यादीत, छापणारा अडकतो, विसरणारा नामानिराळा. म्हणून ज्याच्यावाचून खात्याचं अडतं ते कन्स्ट्रक्टरनेच (न्यू म्हणताच चालणाऱ्या कोडने) मागून घ्यावं, तिथेच तपासावं आणि चुकीचं असेल तर एक्सेप्शन फेकावं. अर्धवट खातं कुणाच्या हाती लागतच नाही. फील्ड फायनल (एकदाच भरता येणारं) करा, म्हणजे विसरलात तर कंपायलरच ओरडेल. जेपीएला (जावातले ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवायची पद्धत) बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर लागतो आणि तिथे फील्ड फायनल ठेवता येत नाहीत हे मान्य, पण तो कन्स्ट्रक्टर प्रोटेक्टेड असला तरी त्याचं भागतं.

आता कन्स्ट्रक्टर लिहिणाऱ्यांची खोड. समजा, 'बिल' या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधूनच छापायची मेथड बोलावली आहे. 'जीएसटीबिल' त्याचं पोर, म्हणजे त्याच्यावरून बनवलेला क्लास. त्यात दर नावाचं इंट फील्ड, किंमत 18, आणि छापायची मेथड ओव्हरराइड केलेली, म्हणजे पोराने स्वतःची लिहिलेली. जावात दर छापला जातो 0! बापाचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो, पण मेथड पोराची लागते, आणि पोराच्या फील्डमध्ये 18 अजून पडलेलेच नसतात. प्लास्टर ओलं असताना गृहप्रवेश म्हणतात तो हाच. गंमत म्हणजे तेच फील्ड फायनल केलं की 18 छापतं, कारण कंपायलर तो आकडा थेट मेथडमध्येच चिकटवतो. सी शार्पमध्ये पोराची फील्डं बापाच्या कन्स्ट्रक्टरच्या आधी भरतात, म्हणून तिथे 18. सी प्लस प्लसमध्ये मेथड व्हर्च्युअल असली तरी त्या क्षणी बापाचीच चालते. भाषा तीन, तऱ्हा तीन. एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावूच नका.

सी प्लस प्लसवाल्यांना आणखी एक: मेंबर भरतात ते क्लासमध्ये ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने, इनिशियलायझर लिस्टमधला (कन्स्ट्रक्टरच्या नावापुढे मेंबरच्या किमती देतात त्या यादीतला) तुमचा क्रम कुणी विचारत नाही. वॉर्निंग चालू ठेवा.

जावा 25 मध्ये सुपरला, म्हणजे बापाच्या कन्स्ट्रक्टरला, बोलावण्याआधी स्वतःच्या फील्डला किंमत देता येते. म्हणजे दर आधी भरा, मग सुपर, आणि बिलावर 18 येतील. अर्थात तुमच्या सर्व्हरवर जावा 25 असेल तर. आमच्याकडे अजून 8 आहे.