गाडी डावीकडे ओढते आणि अलाइनमेंट सेंटरवाला म्हणतो, "सगळं ओके आहे"

आमची स्कॉर्पिओ 2017 ची, टू व्हील ड्राइव्ह. मामेसासऱ्यांची शेती हरसूलच्या पुढे आहे. शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे पावसाने उकरलेला मुरूम आणि मध्ये एक ओढा. गेल्या जूनमध्ये सातही जण बसलेले असताना गाडीची मागची बाजू एका चरात अशी आपटली की सासूबाईंच्या कमरेत कळ गेली आणि त्या दोन दिवस झोपून होत्या. त्याच आठवड्यात मी स्प्रिंग आणि टायर बदलायचं ठरवलं. आम्हाला डोंगर चढायचे नव्हते. शेतापर्यंत, फार तर वैतरणेच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी न आपटता जावी, एवढंच हवं होतं.

फिटिंग दोन दिवसांत झालं. चारही बाजूंना थोड्या कडक स्प्रिंगा, त्यांना जुळणारे लांब शॉकअप आणि साधारण 30 मिमी जास्त उंची. स्वस्तातले स्पेसर, म्हणजे जुन्याच स्प्रिंगेला लावायच्या जाड चकत्या, मी नको म्हटलं. स्पेसरने गाडी वर येते, पण शॉकअप जुन्याच मापाचा राहतो. मग खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि दर वेळी खट्‌ वाजतं. टायर मूळचे 235/65 आर17 होते, त्याऐवजी 245/65 आर17 चे ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारे, घेतले. बाहेरचा व्यास 737 मिमीवरून 750 मिमी होतो, म्हणजे जेमतेम पावणेदोन टक्के वाढ. तीन टक्क्यांच्या आत राहायचं, नाहीतर स्पीडोमीटर, ब्रेक आणि गिअर सगळ्यांचंच गणित चुकतं. 265 घ्या असा आग्रह झाला, पण त्याने वाढ पाच टक्क्यांच्या वर जाते.

इथवर तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

गॅरेजवाल्याने सांगितलं, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, बाहेरून करून घ्या. शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत सेंटरवर गेले. वीस मिनिटांत गाडी रॅम्पवरून खाली. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला आणि गाडी सरळ डावीकडच्या कठड्याकडे निघाली. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ यायचं, तेही येईना.

दुसऱ्या दिवशी परत गेले. "मॅडम, टायर नवीन आहेत म्हणून तसं वाटतं. हजार किलोमीटर चालवा, बसेल." पुन्हा मशीनवर घेतली, पुन्हा 600 रुपये. या वेळी मी रिपोर्टची प्रिंट मागितली. ती द्यायला तिथला मुलगा का कू करत होता, आणि कागद हातात आल्यावर कारण कळलं. टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत ते, हिरव्या चौकटीत होता. कॅम्बर आणि कास्टर दोन्ही लाल. डावा कॅम्बर अधिक 1 अंश 20 मिनिटं, उजवा अधिक 25 मिनिटं (इथे 60 मिनिटं म्हणजे एक अंश). कास्टर डावीकडे उजवीपेक्षा जवळजवळ एक अंशाने कमी. मी लाल आकड्यांवर बोट ठेवलं तर तो माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, या गाडीत ते ॲडजस्ट होत नाही. टो ओके म्हणजे सगळं ओके."

हे चूक आहे, आणि मला अजून राग येतो तो याच वाक्याचा. चाक समोरून पाहिलं तर आत किंवा बाहेर किती कललंय, तो कॅम्बर; वरची बाजू बाहेर झुकली तर तो अधिक. जास्त अधिक कॅम्बर ज्या बाजूला, गाडी त्या बाजूला ओढते. कास्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर स्टिअरिंगचा अक्ष मागे किती झुकलाय ते, आणि ज्या बाजूला कास्टर कमी, गाडी तिकडे जाते. आमच्या गाडीत दोन्ही दोष डावीकडेच होते. अशात टो कितीही वेळा सेट केला तरी ती सरळ कशी जाणार?

तिसऱ्या खेपेला मॅनेजर भेटले. ते म्हणाले, रस्त्याला डावीकडे उतार असतो, सगळ्याच गाड्या थोड्या जातात. उतार असतो हे खरंच आहे. म्हणून मी आधी दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. एका सपाट काँक्रीटच्या मैदानात गाडी चालवली, तिथेही डावीकडेच. मग पुढचे दोन टायर आपसांत बदलले. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडे गेली असती, ती डावीकडेच राहिली. हे सगळं सांगून झाल्यावर उत्तर काय आलं, तर "टो परत चेक करून देतो."

तोवर 1,900 किलोमीटर झाले होते. पुढच्या डाव्या टायरवर हात फिरवला. आतल्या कडेला नव्या रबराचे केस अजून तसेच होते आणि बाहेरची कडा गुळगुळीत. भरपूर पैसे मोजून घेतलेला टायर माझ्या डोळ्यांदेखत झिजत होता.

शेवटी काम झालं अंबडच्या एका जुन्या मिस्तरींकडे. मशीनला हात लावण्याआधी त्यांनी खिशातून टेप काढली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. डावी बाजू उजवीपेक्षा 18 मिमी वर. "ताई, आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळलेत." आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, आणि त्याच्या सांध्यात रबरी बुश असतो. बुशचं रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं गेलं होतं. गाडी खाली टेकल्यावर ते पिळलेलंच राहिलं आणि गाडीला त्या कोपऱ्यात वर ढकलत राहिलं. त्यांनी चारही चाकं रॅम्पवर टेकवून बोल्ट सैल केले, बंपरवर भार देऊन गाडी चार-पाच वेळा हलवली आणि तसेच, वजन चाकांवर असताना, परत आवळले. फरक 6 मिमीवर आला.

मग वरच्या आर्मच्या बुडाशी असलेल्या शिमा. इंग्रजी यू अक्षरासारख्या पत्र्याच्या चकत्या, एक-दोन मिमी जाडीच्या. पुढच्या आणि मागच्या बोल्टखाली सारख्या बदलल्या की कॅम्बर बदलतो, कमीजास्त केल्या की कास्टर. सेंटरवाल्याने "ॲडजस्ट होत नाही" म्हटलं होतं ते हेच. दीड तास गेला. दोन्ही बाजूंचा कॅम्बर हिरव्यात आला, कास्टरमधला फरक 15 मिनिटांवर. परतीच्या वाटेवर त्याच उड्डाणपुलावर मी स्टिअरिंगला फक्त दोन बोटं लावून ठेवली होती. गाडी आपल्या लेनमध्ये सरळ. मला रडूच आलं.

तेव्हा उंची वाढवणार असाल तर गॅरेजवाल्याला आधीच दोन प्रश्न विचारा: बुशचे बोल्ट वजनावर आवळणार का, आणि शिमा लावून अलाइनमेंट कोण करून देणार? पैसे त्यानंतर. अलाइनमेंटची प्रिंट घेतल्याशिवाय रॅम्पवरून उतरू नका. आणि त्याआधी चारही टायरची हवा सारखी करा, डिकीतलं जास्तीचं सामान काढा.

हेडलाइट राहिलेच. पुढून उंची वाढली की झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात, तो खाली करून घ्या. चाक पूर्ण खाली लटकवून ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर ताणत नाही ना, हेही बघा.

टायरवरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. 104 म्हणजे एका टायरवर 900 किलो, 107 म्हणजे 975. बाजूला चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. मला पहिल्यांदा दाखवलेल्या चारमध्ये एक जोडी दीड वर्ष जुनी होती, ती परत केली.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेमला अडचण येते.

मुरमावर टायरची हवा 32 पीएसआयवरून 24 पर्यंत उतरवली तर पकड आणि आराम दोन्ही वाढतात, पण डांबरी रस्त्यावर येताच परत भरा. छोटा कंप्रेसर गाडीत हवाच. काळ्या चिकट मातीत मात्र ऑल टेरेनची नक्षी दोन फेऱ्यांत भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे पाऊस थांबेपर्यंत थांबणं बरं. डिझेलचं ॲव्हरेज लिटरला एक किलोमीटरने घटलंय.

तो झिजलेला टायर आता मागे डाव्या बाजूला लावलाय. परवा मापक घालून नक्षीची खोली पाहिली, बाहेरच्या कडेला 8.6 मिमी, आतल्या कडेला 9.3. बाकी तिन्ही टायर दोन्ही कडांना सारखे आहेत.