दणका खाणाऱ्याचा असतो

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल, संध्याकाळचे साडेसहा, तालमीचा चौथा दिवस. एकांकिकेतली खलनायिका द्राक्षांची व्यापारी आहे, बागायतदारांचे पैसे बुडवून मोठी झालेली. शेवटच्या प्रवेशात एक बागायतदार जाब विचारायला येतो आणि ती त्याला संपवते. ही मारामारी बसवायचं काम माझ्याकडे होतं. खलनायिका करणारी मुलगी जेमतेम पाच फूट, समोरचा नट सहा फुटी आणि अंगानं भरलेला.

दिग्दर्शकाच्या डोक्यात ‘किल बिल’च्या पहिल्या भागातली (२००३) गोगो युबारी पक्की बसली होती. शाळेच्या गणवेशातली चियाकी कुरियामा, हातात साखळी, टोकाला लोखंडी गोळा. त्यानं सहा फूट दोरी आणली होती, टोकाला फोमच्या चकत्या एकावर एक चिकटवून केलेला गोळा. तिसऱ्या गरक्यात गोळ्याचा अर्धा भाग सुटला आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेवर जाऊन आदळला. रांग रिकामी होती.

चूक गोंदाची होती. सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी उडून गेल्यावर धरतो. लाकूड ते पाणी शोषून घेतं, फोम घेत नाही. त्यामुळे दोन चकत्यांच्या मध्ये गोंद दोन दोन दिवस ओलाच राहतो. फोमला चप्पलवाले वापरतात तो रबराचा गोंद लागतो. तो दोन्ही बाजूंना लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की एकदाच दाबायचं. आणि गोळा फिरणार असेल तर नुसत्या गोंदावर सोडायचाच नाही, दोरी आरपार नेऊन मागे गाठ मारायची.

पण गोळा नीट केला असता तरी प्रवेश बसला नसता, कारण हत्यार म्हणजे अंतर. गोगोच्या साखळीमुळे तलवारवाल्या नायिकेला जवळच जाता येत नाही, त्या झुंजीची सगळी भीती त्या मोकळ्या जागेत आहे. नायिका जिंकते तीसुद्धा तलवारीनं नाही, हाताशी आलेल्या, खिळे निघालेल्या टेबलाच्या पायानं. एवढी जागा आमच्या रंगमंचावर नव्हती. साखळी आखडून फिरवली की ती पोरखेळ दिसते.

दिग्दर्शक खट्टू झाला, म्हणून चहाच्या वेळी लॅपटॉपवर तीन प्रसंग लावले आणि आवाज बंद करून सगळ्यांना पाहायला सांगितले.

‘द रेड २’मधली (२०१४) हातोडेवाली, ज्युली एस्तेल. ट्रेनचा अरुंद डबा, दोन्ही हातांत खिळे उपटायचे हातोडे. ती हातोड्याच्या तोंडानं मारते आणि मागच्या चिरलेल्या बाजूनं माणूस अडकवून ओढते. स्वतः जागेवर, माणसं तिच्याकडे येतात. मग ‘गोल्डनआय’मधली (१९९५) झेनिया ओनाटॉप, म्हणजे फामके यान्सेन. हत्यारच नाही, मांड्यांच्या विळख्यात बरगड्या आवळते, अंतर शून्य. आणि शेवटी माझी सगळ्यांत आवडती, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली (१९६३) रोझा क्लेब. लोटे लेन्यानं ती साठी ओलांडल्यावर केली. व्हेनिसच्या हॉटेलात मोलकरणीच्या वेशात आलेली बाई, बुटाच्या टोकातून विषारी पातं बाहेर येतं. बाँड तिला खुर्चीनं भिंतीशी दाबून धरतो आणि ती लाथा झाडत राहते. नीट बघा, तो तिच्यापेक्षा किती ताकदवान आहे, तरी त्याचं सगळं लक्ष त्या बुटाच्या टोकापासून पोट आत ओढून घेण्यात आहे. त्या वाकलेल्या पोटामुळे बुटाचं पातं खरं वाटतं.

तिन्ही बायका आपापल्या अंगाप्रमाणे लढतात. सहा फुटी गड्यासारखी ठोसे मारणारी पाच फुटी मुलगी प्रेक्षकाला पटत नाही, तो हसतो. आणि एकदा हसलेला प्रेक्षक पुन्हा घाबरत नाही.

मुलीनं विचारलं, “दादा, पण ही बाई असं करतेच का?” संहितेत त्याला उत्तर नव्हतं. मी तिला जेड फॉक्स या खलनायिकेची गोष्ट सांगितली. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००), भूमिका चेंग पेई-पेईची, जी १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’ची तलवारबाज नायिका होती. वुदांग या तलवारबाजांच्या पंथातल्या गुरूनं जेड फॉक्सला शय्येवर घेतलं, पण बाई म्हणून विद्या दिली नाही. तिनं त्याला मारलं, पोथी पळवली, आणि पोथीतली अक्षरं तिला वाचता येईनात. नुसती चित्रं बघून ती शिकत राहिली. तिच्या हाताखालची पोर मात्र वाचू शकत होती आणि गुपचूप पुढे गेली. तिच्या विषारी सुयांमागे हे सगळं आहे.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हिचा बापही बागेत मजूर असेल. छाटणीला जात असेल.”

तिथेच हत्यार सापडलं. छाटणीची कात्री, आपल्याकडे सिकेटर म्हणतात ती. निफाड-दिंडोरीकडच्या प्रेक्षकाला तिचा आवाज कानात बसलेला असतो.

खरी कात्री मारामारीत कधीच नको. जुनी घेतली, पातं काढून त्या जागी तीन मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा त्याच बोल्टवर बसवला, कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या, चंदेरी रंग दिला. स्प्रिंग आणि मुठी खऱ्याच ठेवल्या, कारण आवाज त्यांचा आहे.

प्रवेश असा बसला. ती टेबलाशी बसून घडातले मणी विरळते आहे. तो ओरडतो, ती वर बघत नाही. नुसतं कट, कट. तो पुढे वाकून टेबलावर हात ठेवतो. त्याच्या तर्जनी आणि मधल्या बोटात द्राक्षाची वाळलेली काडी आधीच धरलेली, तळव्याची बाजू प्रेक्षकांकडे नाही. ती मनगट धरते, म्हणजे बोटं नुसती टेकवते, धरल्याचा ताण तो स्वतःच्या खांद्यातून दाखवतो. कात्री काडीवर मिटते, काडी मोडते, तो बोट आत मुडपतो. बोट तुटल्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येतो.

नटाची चूक एकच होत होती, तो काडी मोडायच्या आधीच किंचाळायचा. वेदना उशिरा येते. आधी काडी, मग अर्धा क्षण काहीच नाही, मग श्वास आत, मग गुडघे, आवाज सगळ्यांत शेवटी. हा क्रम पाव वेगानं बारा वेळा केला, मग अर्ध्या वेगानं. पूर्ण वेगानं फक्त दोनदा.

मारामारी बसवताना मला नेहमी मोहिनी आठवते. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) फाळक्यांना बाई मिळाली नाही, तारामती अण्णा साळुंक्यांनी केली. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई मोहिनी झाल्या, त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. फाळके तेव्हा इथे नाशकातच आले होते. मोहिनी भस्मासुराला हातसुद्धा लावत नाही. ती नाचते, तो तिच्यासारखा नाचतो, आणि स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. रंगमंचावरचा प्रत्येक दणका असाच असतो. मारणारी खूण देते, करतो तो खाणारा. गळा दाबताना तिचे हात गळपट्टीच्या हाडावर असतात, गुदमरतो तो. केस ओढताना तिची मूठ डोक्याला टेकलेली असते, फरफटतो तो.

साडेनऊला पूर्ण प्रवेश झाला. काडी मोडली, नट गुडघ्यावर आला, आणि मुलीनं पुढचा मणी कापला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकानं लगेच पुढची मारामारी खोडून टाकली. आता ती त्याला संपवत नाही, कोरी पावती सरकवते आणि तो डाव्या हातानं सही करतो.

कात्री आणि काड्यांची पिशवी प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या पोराकडे दिली. प्रत्येक प्रयोगाआधी बोल्ट हातानं तपासायचा, प्लायला चीर दिसली तर बदलायचा. काड्या दर वेळी नव्या आणि चांगल्या वाळलेल्या हव्यात, ओली काडी वाकते, मोडत नाही. खरं पातं मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं, हॉलमध्ये ठेवलं नाही.