लोगोवर अडकलेला फोन आणि न केलेली एक टिक

फॉन्ट बदलायचं एक मॉड्यूल (जोड-भाग) मॅजिस्कमधून, म्हणजे अँड्रॉइड फोनवर रूट (पूर्ण ताबा) मिळवून देणाऱ्या साधनातून, टाकलं, रीबूट केलं आणि फोन लोगोच्या पुढे सरकेना. लोगो, अंधार, परत लोगो. हौस माझीच, बोलणार कुणाला?

मूळ बूट इमेज, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, जपून ठेवली होती. फास्टबूटमधून, म्हणजे केबलने फोनवर इमेज चढवायच्या मोडमधून, ती फ्लॅश केली (चढवली), फोन सुरू. मग मॅजिस्कने पॅच केलेली, म्हणजे रूटसाठी बदललेली, टाकली, तर पुन्हा तोच लोगो. हा खेळ तीनदा केला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: मॉड्यूल बूट इमेजमध्ये नसतंच, ते डेटा पार्टिशनमध्ये बसलेलं असतं. मूळ इमेजवर रूट नाही म्हणून ते काढता येत नाही, आणि रूट आणलं की ते जागं होऊन फोन पाडतं.

यावर उतारा एका ओळीचा, लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबी या साधनातून: 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स'. मोठ्या ऐटीत एंटर दाबलं. ओळ नुसती ताटकळत बसली. 'एडीबी डिव्हायसेस' दिलं, तर फोनच्या नंबरापुढे 'अनऑथराइज्ड'. लॅपटॉप नवा होता ना, फोनने त्याला अजून परवानगीच दिलेली नव्हती! परवानगीची चौकट येते फोनच्या स्क्रीनवर, आणि तिथे तर लोगो ठाण मांडून बसलेला. तरी दीड तास मी केबली आणि पोर्ट बदलत बसलो. फास्टबूटला असली परवानगी लागत नाही, त्यामुळे तिथे फोन दिसत होता आणि मी अजूनच चक्रावत होतो.

उत्तर समोरच होतं. मूळ इमेजवर फोन नीट चालत होता की! ती परत टाकली, यूएसबी डिबगिंग (एडीबीला फोनशी बोलू देणारी सेटिंग) चालू होतंच, चौकट आली, 'या कॉम्प्युटरला नेहमी परवानगी द्या' यावर टिक केली. मग पॅच केलेली इमेज फ्लॅश केली आणि फोन सुरू व्हायच्या आतच ती ओळ देऊन ठेवली. लोगो आला, फोन आपणहून रीबूट झाला आणि लॉक स्क्रीन दिसली. खुर्चीत अक्षरशः उडालो.

बूट इमेज फोनवरच्या बिल्ड नंबरचीच हवी, अपडेटनंतर जुनी चालत नाही. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच फोनांत पॅच 'इनिट बूट' या वेगळ्या इमेजला करावा लागतो. आणि घाबरून बूटलोडर (फोन चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) परत लॉक करू नका, फोन कायमचा बसू शकतो.

हो, आणि केबल हातात घ्यायच्या आधी सेफ मोड करून बघा. बहुतेक फोनांत सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की झालं. सेफ मोडमध्ये मॅजिस्क सगळी मॉड्यूल्स बंद करतं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.