पीटीच्या तासाचा स्टीव्हन्सन

बॅचच्या कार्यक्रमासाठी शाळेच्या आठवणी लिहायच्यात; बाकीचे सगळे गॅदरिंग आणि गणिताच्या सरांवर लिहिणार हे माहीत होतं, म्हणून मी आपला क्यूबाचा बॉक्सर तेओफिलो स्टीव्हन्सनवर लिहितोय. आमच्या बॅचला कारण सांगायची गरज नाही.

पीटीच्या सरांना बॉक्सिंगचं भयंकर वेड. पाऊस असला की वर्गातच तास, आणि विषय ठरलेला, क्यूबाचा हा उंचापुरा हेवीवेट. 1972 म्युनिक, 1976 मॉन्ट्रियल, 1980 मॉस्को, एकाच वजनी गटात लागोपाठ तीन ऑलिम्पिक गोल्ड घेणारा पहिलाच बॉक्सर. सर डावा हात पुढे करून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दाखवायचे, म्हणायचे बघा, हा मारत नाहीये रे, नुसतं अंतर मोजतोय, समोरच्याला तिथेच अडकवतोय, आणि मग उजवा हात, एकदाच! पहिल्या बाकावरचे आपोआप मागे सरकायचे.

अमेरिकेच्या ड्युएन बॉबिककडून स्टीव्हन्सन 1971 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत हरला होता, आणि पुढच्याच वर्षी म्युनिकला त्यालाच तिसऱ्या राउंडमध्ये असा झोडला की रेफरीने फाइट थांबवली. ही गोष्ट सर चाचणीत नापास झालेल्यांना खास ऐकवायचे. (मला बऱ्याचदा ऐकायला मिळाली.) सोव्हिएत संघाच्या विसोत्स्कीने त्याला दोनदा हरवलं होतं, हे मात्र सरांनी कधी सांगितलं नाही, ते मला फार नंतर कळलं.

वाद व्हायचा तो पैशावरून. प्रो हो, म्हणजे पैसे घेऊन लढ, मुहम्मद अलीशी लढ, मिलियन डॉलर देतो अशी ऑफर होती, त्याने नाही म्हटलं, ऐंशी लाख क्यूबन लोकांच्या प्रेमापुढे ते काय म्हणाला. सर हे सांगताना भारावून जायचे. पण क्यूबात 1962 पासून प्रोफेशनल खेळच बंद होते, म्हणजे हो म्हणायचं तर देश, घरदार सगळं सोडायचं, मग तो नकार किती मनाचा आणि किती नाइलाजाचा? मला अजूनही वाटतं की खरी किंमत त्याने 1984 ला मोजली. क्यूबाने लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला, आणि ज्या टायरेल बिग्जला त्याने आधी हरवलं होतं तो सुपर हेवीवेटचं गोल्ड घेऊन गेला. तरी पठ्ठ्या थांबला नाही, 1986 ला रिनोमध्ये चौतिसाव्या वर्षी परत वर्ल्ड चॅम्पियन! 2012 मध्ये हार्ट अटॅकने गेला.

सर कार्यक्रमाला येणार आहेत म्हणे. विसोत्स्कीचा विषय मी काढणार आहे.