तुम्ही विचारलंत म्हणून: रणगाड्यावर लाल तारा असला तर?

परळ-लालबागच्या अभ्यासवर्गात चहा फिरायला लागला की हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये केला तो साम्राज्यवाद, मग रशियाने चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये रणगाडे घातले ते काय?

जुने कार्यकर्ते लगेच लेनिनची 1916 सालची मांडणी काढतात. साम्राज्यवाद ही मक्तेदारी भांडवलशाहीची अवस्था. बँका आणि उद्योगांचं भांडवल एक होतं, परदेशात गुंतवणूक शोधतं, त्यासाठी जग वाटून घेतलं जातं. सोव्हिएत संघात खाजगी मक्तेदार नव्हतेच, म्हणजे प्रश्न मिटला. मला ही पळवाट वाटते. व्याख्येतच आरोपी सुटत असेल तर खटला चालवायचा कशाला?

तरी पैशाचा हिशेब आधी बघू. रोमानियात 1945 पासून ‘सोव्हरोम’ नावाच्या भागीदारी कंपन्या निघाल्या: तेल, वाहतूक, पुढे युरेनियमसुद्धा. कागदावर निम्मी-निम्मी भागीदारी. पण सोव्हिएत वाट्यात मोठा भाग होता तो रोमानियातल्याच जप्त केलेल्या जर्मन मालमत्तेचा. म्हणजे खिशात फारसा हात न घालता निम्मी मालकी. याला लूटच म्हणायचं. मात्र 1975 नंतर चित्र उलटं दिसतं. पूर्व युरोपला विकलेल्या तेलाचा भाव मागच्या पाच वर्षांच्या जागतिक सरासरीवर ठरू लागला, त्यामुळे बाजार भडकला तेव्हा चेकोस्लोव्हाकियाला तेल स्वस्त पडलं. छावणी सोव्हिएत फौजेची आणि सवलतही सोव्हिएत संघाचीच! नुसत्या नफ्यावर निकाल लावणारे इथे फसतात.

म्हणून मी बोलावण्याचा कागद मागतो. कुणी बोलावलं, कधी, आणि पाहुणा गेला कधी?

प्रागमध्ये 20-21 ऑगस्ट 1968 च्या रात्री सोव्हिएत गटाच्या फौजा शिरल्या. मॉस्कोने सांगितलं, तिथल्या नेत्यांनीच मदत मागितली. पण चेकोस्लोव्हाक पक्षाच्या अध्यक्षमंडळाने त्याच रात्री जाहीर केलं की राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, पक्षप्रमुख यांपैकी कुणालाही याची कल्पना नव्हती. बोलावणारे होते पक्षातलेच मॉस्कोधार्जिणे नेते वासिल बिल्याक आणि चार साथीदार. त्यांचं रशियन भाषेतलं गुप्त पत्र मॉस्कोच्या दप्तरात पडून राहिलं, ते 1992 साली बाहेर आलं. ऑक्टोबर 1968 मध्ये फौजेच्या ‘तात्पुरत्या’ मुक्कामाचा करार झाला. आपल्याकडे खोली भाड्याने देताना अकरा महिन्यांचा कागद करतात, त्यात निदान शेवटची तारीख असते. या करारात ती नव्हती. शेवटचा सोव्हिएत सैनिक गेला जून 1991 मध्ये.

काबूलचा मामला आणखी विचित्र. अफगाणिस्तानचा तेव्हाचा कम्युनिस्ट प्रमुख हफीजुल्ला अमीन याने सोव्हिएत फौजेची मागणी खरोखरच केली होती, वारंवार. फौज आली आणि 27 डिसेंबर 1979 ला तिने ताजबेग महालात अमीनलाच मारलं. नवे प्रमुख बब्राक कारमल यांचं पहिलं भाषण काबूलच्या रेडिओलहरींवर ऐकू आलं, पण प्रक्षेपण सोव्हिएत हद्दीतून होत होतं. यजमानाला मारून त्याच्याच पत्रिकेचा दाखला देणं, याला साम्राज्यवाद म्हणायला मी कचरत नाही.

अंगोलाला मात्र मी त्या यादीत घालत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या तुकड्या ऑक्टोबर 1975 मध्ये आत घुसल्यावर एमपीएलए या तिथल्या डाव्या मुक्ती-संघटनेच्या मागणीवरून क्युबाची फौज आली. क्युबाने खाणी घेतल्या नाहीत. उलट काबिंडा या अंगोलाच्या तेलप्रांतात अमेरिकन गल्फ ऑइलच्या विहिरींचं रक्षण क्युबन सैनिक करत होते, कारण राजधानी लुआंडातल्या एमपीएलए सरकारचा गल्ला त्या तेलावर भरत होता. डिसेंबर 1988 मध्ये माघारीचा करार झाला आणि मे 1991 पर्यंत सगळे परतले. डागच नाही असं नव्हे. मे 1977 चं बंड मोडायला क्युबन सैनिक सरकारच्या बाजूने उतरले आणि त्यानंतरच्या झाडाझडतीत हजारो अंगोलन मारले गेले.

माझी कसोटी कंबोडियात अडते. व्हिएतनामी फौज 25 डिसेंबर 1978 ला निघाली. बोलावणारी आघाडी जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, व्हिएतनामच्या आसऱ्याने उभी केलेली. कागद कच्चाच. पण त्या फौजेने कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट याची कत्तल थांबवली, तेही त्याच्या ख्मेर रूज पक्षाने सीमेपलीकडची व्हिएतनामी गावं कापून काढल्यावर. मग ती दहा वर्षं बसून राहिली, हेही खरं. इथे मी ‘साम्राज्यवाद’ म्हणत नाही, ‘मुक्ती’ म्हणतानाही जीभ जरा अडखळते.

‘सामाजिक साम्राज्यवाद’, म्हणजे तोंडाने समाजवाद आणि कृतीने साम्राज्यवाद, हा शिक्का 1968 साली चीनने मॉस्कोवर मारला होता. त्याच चीनची फौज 17 फेब्रुवारी 1979 ला व्हिएतनाममध्ये घुसली, धडा शिकवायला म्हणून. तिथे तर बोलावण्याचं सोंगही कुणी काढलं नाही.